आवळून खाच बुजत नाही: दाजींच्या गाडीचे शॉकअप आणि कोनसेट

पार्श्वभूमी

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. धुळ्याजवळच्या एका गावात राहतो, नोकरी टेबलावरची, पण घरच्या गाड्यांचं काम अंगणातल्या निंबाखाली मीच करतो. शेजारी एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून रिटायर झालेले एक नाना आहेत, अडलं की त्यांना हाक मारायची, एवढीच माझी युनिव्हर्सिटी.

हे प्रकरण माझ्या दाजींच्या गाडीचं. दाजी अमळनेर तालुक्यातले, शेतात ठिबक बसवून द्यायचं काम करतात. गाडी १२५ सीसीची, पुढे डिस्क ब्रेक, मीटरला ५८ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नाहीच, त्या गाडीने जे सोसलं ते बघता ती साधूच म्हणायची. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, त्यातले निम्मे काळ्या मातीतल्या गाडरस्त्याने, मागे लॅटरलचे म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांचे बंडल, टाकीवर फिटिंगची पिशवी आणि कधीमधी मळ्यात जाताना ओळखीच्या शेतकऱ्याची खताची गोणीसुद्धा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली तेव्हा दाजीच सोडायला आले. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून धक्के गिळतात ते शॉकअप, त्यात वरचा चकचकीत पाइप खालच्या जाड नळकांड्यात, म्हणजे बॉटममध्ये, वर-खाली सरकतो. गाडी अंगणात लावताना उजव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाची काळी रिंग दिसली, खाली बॉटमवर धूळ चिकटून चिखलाचा थर झालेला. मी सहज हँडल धरून हलवलं तर मध्यावर आल्यावर ते खट्कन बसलं. म्हणजे कसं, कपाटाच्या दाराला लोहचुंबक असतं ना, तसं.

लक्षणं काय होती

दाजींना विचारलं तर म्हणाले, महिन्याभरापूर्वी पुढचा ब्रेक मारला की हँडलमधून टक्क असा आवाज यायचा म्हणून त्यांनी चौकात एकाला दाखवलं, त्याने वरचा नट दोन आटे आवळला, पन्नास रुपये घेतले, आवाज बंद. "तेव्हापासून मस्त चालते, फक्त हळू असली की थोडी नागमोडी जाते."

इथेच सगळं सांगून झालं होतं, मला ते तेव्हा नीट ऐकू आलं नाही एवढंच.

ज्यांनी कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हँडलचा दांडा, म्हणजे टी, चेसिसच्या नळीत वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगवर फिरतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत ते सुटे छर्रे आणि वाट्या असतात, दुकानात कोनसेट म्हणून मागायचं. आपण गाडी दिवसभर सरळच चालवतो, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी बसून धक्के खातात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि प्रत्येक छर्रा वाटीत स्वतःपुरता खड्डा करत जातो. हा झाला खाच पडलेला कोनसेट. आधी ढिल्लेपणाने टक्क वाजतो. मग कुणीतरी आवळतो, आवाज थांबतो, पण छर्रे त्या खड्ड्यांत अजून घट्ट बसतात. गाडीला सरळ राहायला सारखी बारीक दुरुस्ती लागते, ती आपण नकळत हँडलने करत असतो. खाचेमुळे हँडल आधी हलत नाही आणि मग एकदम हलतं. दाजींचं नागमोडी ते हेच.

नाना तेव्हा ओट्यावर पत्त्यांच्या डावात होते, आखाजीच ती. तिथून बसल्या बसल्या म्हणाले, "आरे भो, आवळीसन खाच बुजस का कधी?" आणि परत पानं बघायला लागले. मी हसलो. लिहून ठेवायला पाहिजे होतं.

आखाजीच्या दुपारी समोर असलेले पर्याय

दाजींना दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. माझ्याकडे शॉकअपचे ऑइल सील, म्हणजे पाइप आणि बॉटमच्या सांध्यात तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, घरात पडून होते, कारण मापं जुळतात हे माहीत होतं, सीलवर ३१ ४३ १०.३ असं छापलेलं असतंच. तेल एक बाटली होतं. कोनसेट नव्हता, दुकानं बंद आणि कोनचा गोल खाचांचा नट फिरवायचा सी पानाही नव्हता.

म्हणजे पर्याय तीन. काहीच न करता दाजींना जपून जा म्हणायचं. फक्त सील बदलायचे. किंवा गाडी इथेच ठेवून घ्यायची, दाजींना एसटीने पाठवायचं आणि दोन दिवसांनी सामान आणून सगळंच उघडायचं.

तिसरा बरोबर होता, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण जावई माणूस, सणाला आलेला, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन तृप्त बसलेला, त्याला तुम्ही एसटीने जा असं सांगायचं कसं? शिवाय धंद्याची गाडी, दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी. दाजी म्हणाले, "मेहुणे, तेल गळतंय ना, तेवढं बंद करा, बाकी पुढच्या वेळी." मी हो म्हणालो. या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय हा, आणि तो पान्याचा नव्हता, तोंडाचा होता.

पहिलं उघडणं

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, मागच्या सीटवर युरियाची ४५ किलोची गोणी आडवी टाकली की पुढचं चाक आपोआप वर. ही युक्ती मला फार आवडते, जॅक लागत नाही. कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला दोन पॅडच्या मधे पकडणारा भाग, सोडून सुतळीने फ्रेमला बांधला, नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, आणि पॅडच्या मधे पुठ्ठा सारला, नाहीतर कुणीतरी पोरगं येऊन ब्रेकचा लिव्हर दाबतंच आणि पिस्टन बाहेर येतो.

चाक काढलं. शॉकअपचे पाइप वर एका प्लेटमध्ये आणि खाली टीच्या क्लॅम्पमध्ये धरलेले असतात. आता शॉकअप क्लॅम्पमधून बाहेर काढायच्या आधी दोन कामं करायची. एक, वरच्या प्लेटचा बोल्ट ढिला करून, खालचा क्लॅम्प घट्टच ठेवून, शॉकअपची वरची टोपी अर्धा आटा सैल करायची, पूर्ण काढायची नाही. दोन, बॉटमच्या बुडातला एलन बोल्ट, आमच्यात ६ नंबरचा, तो पण तेव्हाच सैल करायचा. आतली स्प्रिंग जागेवर असते, एकाने बॉटम वर दाबून धरला की स्प्रिंगच्या जोराने आतला दांडा फिरत नाही आणि बोल्ट सुटतो. शॉकअप मोकळा करून टोपी-स्प्रिंग काढल्यावर हाच बोल्ट सोडायला गेलात तर आतला दांडा बोल्टबरोबर गोल गोल फिरत बसतो आणि तुम्ही पण. माझ्यावर दोन वर्षांपूर्वी ती वेळ आली होती, शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेच्या गनने सोडला.

टोपी काढताना तोंड बाजूला आणि वरून फडक्यासकट दाबून, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते.

डाव्यातून अंदाजे १४० मिली तेल निघालं, उजव्यातून जेमतेम ६०. दोन्हीचा रंग राखेच्या पाण्यासारखा आणि वास असा की बहीण म्हणाली अंगणात मासळी बाजार कुणी भरवला. मॅन्युअलमध्ये या गाडीला एका बाजूला १६० मिली.

जुना सील काढला, आधी धुळीचं रबर, मग तारेचा लॉक, मग सील स्क्रू ड्रायव्हरने उचकून, खाली फडकं ठेवून म्हणजे बॉटमच्या काठाला ओरखडा नको. पाइप पुसला तर उजव्यावर चार-पाच तपकिरी ठिपके. नखाला लागत होते. मी २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून आडवा, म्हणजे पाइपभोवती फिरवत घासला. ठिपके फिके झाले, नखाला कमी लागायला लागले. झालं, म्हटलं, चालेल.

दुसरा चुकलेला निर्णय हा. ठिपके किती मोठे यापेक्षा ते कुठे आहेत हे बघायला हवं होतं. क्लॅम्पच्या आत किंवा सील कधी पोचतच नाही इतके वर असतील तर राहू द्या, काही बिघडत नाही. पण हे होते गाडी उभी असताना सीलच्या वर बोटभर. म्हणजे गाडी प्रत्येक खड्ड्यात दबली की सीलची ओठासारखी धार त्या ठिपक्यांवरून जाणार आणि परत येणार. खताचं मीठ आणि फवाऱ्याचं पाणी नेमकं तिथेच बसतं.

सील बसवायला दाजींच्याच पिशवीतला ४० एमएमचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला. सील बाहेरून ४३, आतून ३१, त्यामुळे ४० चा पाइप सीलवर बरोबर टेकतो, बॉटममध्ये शिरतो आणि आतल्या पाइपला घासत नाही. कंपनीचं टूलसुद्धा याहून वेगळं काही करत नाही. सीलला तेल लावून, आतल्या पाइपच्या वरच्या काठावर कॅरीबॅगचा तुकडा गुंडाळून त्यावरून सील सरकवायचा, नाहीतर काठाने धार चिरते. लॉकची तार खाचेत टिक्क करून बसली म्हणजे सील पूर्ण आत गेला.

मग गंमत झाली. दोन्ही शॉकअप तयार करून ठेवले, हात धुवायला गेलो तर तेलाच्या घमेल्यात टोपीसारखा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. डाव्या बॉटमच्या तळात असतो तो, आतल्या दांड्याच्या बुडाला, शॉकअप पूर्ण दबला की तेल अडवून धक्का गिळतो. तेल ओतताना तो पण ओतला गेला होता. परत उघडा. दाजी झोपले होते, बरं झालं.

तेल मेडिकलवरच्या ५० मिलीच्या सिरिंजने मोजून टाकलं, दोन्हीकडे सारखं. मग पाइप हळूहळू आठ-दहा वेळा वर-खाली, बुडबुडे थांबेपर्यंत. ज्यांच्याकडे मॅन्युअलमध्ये तेलाची उंची दिली असेल त्यांनी स्प्रिंग बाहेर ठेवून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून पट्टीने मोजावं, ते जास्त खात्रीचं. कारण जुनं तेल कोपऱ्यात थोडं राहतंच आणि मिलीचा हिशोब चुकतो. तेल जास्त झालं तर वर हवेला जागा कमी उरते, शेवटी शेवटी शॉकअप दगडासारखा होतो आणि सील बाहेर ढकलला जातो. आमच्याकडे बरेच जण इंजिनचं उरलेलं तेल ओततात, मस्त कडक झाला म्हणतात. कडक होतोच, पण मग चाक खड्ड्यामागोमाग खड्डा असला की खाली यायला वेळ घेतं आणि रस्ता सोडतं.

गाडी जोडली, दाजी सकाळी गेले. हँडल अजून मध्यावर खट्कन बसतच होतं. पुढचं चाक हवेत, प्लेटा सैल, शॉकअप बाहेर, म्हणजे टी काढायचं निम्मं काम झालेलं होतं, आणि मी ते तसंच परत जोडून टाकलं.

तीन आठवड्यांनी

दाजींचा फोन. उजवा परत गळतोय. आणि या वेळी तेल बॉटमवरून खाली ओघळून कॅलिपरपर्यंत गेलं होतं. गल्लीत एक गोऱ्हा आडवा आला, पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर घट्ट पण गाडी थांबेना, मागच्या ब्रेकवर थांबले. स्पीड कमी होता म्हणून निभावलं.

पॅड तेल पितात. तेल प्यायलेला पॅड पेट्रोलने धुऊन, भाजून, घासून परत लावतात लोक, मी पण बघितलंय, पण तापला की आतलं तेल परत वर येतं. पॅड नवेच घ्यायचे. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसून चालते.

मी रविवारी अमळनेरला गेलो, या वेळी नानांना मागे बसवून. त्यांनी पहिल्यांदा काही न उघडता दहा मिनिटं गाडी तपासली, आणि मला वाटतं या सगळ्यातली खरी सर्व्हिस तीच होती. चाक वर करून हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग केबल आणि वायरिंग हातात धरून परत तेच, कारण कधी कधी केबलच ओढते आणि खाच असल्यासारखं वाटतं. मग दोन्ही शॉकअप बुडाशी धरून पुढे-मागे ओढले, तेव्हा माझं बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवायला सांगितलं. तिथे हललं तर कोनसेट. तिथे काही नाही आणि सीलपाशी हललं तर पाइप-बॉटम झिजलेत. दोन्हीकडे काही नाही आणि तरी ब्रेकला टक्क वाजतंय तर कॅलिपरच्या पिना किंवा एक्सल बघायचा. आमच्या बोटाला काहीच लागलं नाही, कारण नट आवळलेला होता. खाच मात्र बोटभर जोराने मध्यावर लागत होती.

मग पाइप. नानांनी बहिणीकडून चिमूटभर कापूस मागितला, पाइप कोरडा पुसून त्यावरून हलक्या हाताने फिरवला. जिथे जिथे खड्डा होता तिथे धागे अडकून राहिले, पांढरे, अगदी बघता येतील असे, एकूण सात. मला नखाने चार-पाच सापडले होते. "तेल नवं, सील नवं, आन् पाइप तोच. मंग काय व्हई?"

दुसऱ्यांदा: पर्याय परत मोजले

पाइपचं काय करायचं यावर अर्धा तास गेला. खड्डे पक्क्या चिकटणाऱ्या गोंदाने भरून घासून घेतात, ते आम्ही नको म्हटलं, कारण सात जागा आणि सगळ्या सीलच्या वाटेत. दुसरं, पाइप घासून परत क्रोम करून आणायचा. चांगलं काम झालं तर उत्तम, पण पाठवणं-आणणं यात गाडी आठवडाभर उभी आणि दाजींचा सीझन, जूनच्या आधी ठिबक घालून घ्यायची सगळ्यांना घाई. तिसरं, नवे पाइप. उजवा एकच घ्यायचा की जोडी? दाजी म्हणाले एकच. मी या वेळी तोंड उघडलं, डाव्यावर कापूस फिरवून दाखवला, तिथे पण दोन धागे अडकले. जोडी घेतली.

दुकानात पाइप घेताना काउंटरच्या काचेवर लोळवून बघितला. पहिल्या जोडीतला एक काचेवर डुलत लोळत होता, परत दिला. दुकानदार थोडा रागावला, पण दुसरी जोडी काढली. नव्या पाइपवर पण हे करायचंच.

कोनसेटमध्ये छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलरचा सेट काही गाड्यांना मिळतो. रोलर रेषेवर टेकतो, छर्रा टिंबावर, म्हणून रोलरला खाच उशिरा पडते. पण उंचीचं माप अचूक जुळावं लागतं आणि थोडा जास्त आवळला तरी हँडल जड. दाजी कधी चोपड्याकडे, कधी पारोळ्याकडे, रस्त्यात काही झालं तर कुठल्याही स्टँडवर साधा छर्ऱ्याचाच सेट मिळेल, या एका मुद्द्यावर आम्ही साधाच घेतला. सी पाना तिथेच घेतला, इतका स्वस्त की आखाजीच्या आधी का घेतला नाही याची लाज वाटली.

काम कसं झालं

शॉकअपचं वर लिहिलंय तेच, फक्त नव्या पाइपसकट, बुडाच्या बोल्टला नवा तांब्याचा वॉशर आणि टोपीसारखा तुकडा आधीच वाटीत काढून ठेवून.

टी काढायला हेडलाइट, हँडल, वरची प्लेट सोडली. खालच्या बाजूला परात धरली, कारण नट सुटत आला की टी खाली सरकते आणि छर्रे पावसासारखे पडतात. पडलेले मोजून तेवढेच परत भरायचे नाहीत. आमच्या जुन्या खालच्या वाटीत एक छर्रा आधीच कमी होता, कुणीतरी कधीतरी हरवून तसंच जोडलेलं. नव्या पाकिटातले मोजायचे, आणि भरून झाल्यावर रांगेत थोडी फट उरते, एक छर्रा जेमतेम बसेल न बसेल अशी, तिथे कोंबून अजून एक भरायचा नाही.

जुनी खालची वाटी पुसून उन्हात धरली. कणसातून दाणे सोलल्यावर जशी घरं राहतात ना, तशी गोल रांग, प्रत्येक घर चकचकीत, आणि पुढच्या-मागच्या बाजूची घरं सगळ्यात खोल, कारण ब्रेक आणि खड्ड्यांचा मार त्याच दिशेने. ग्रीस नावाला नव्हतं, गंजाचं लाल पाणी आणि वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याचा साबण सुकून झालेली पांढरी पूड. दाजींनी ती वाटी हातात घेऊन नखाने एक-एक घर चाचपलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला त्याने आवळलं होतं?"

चेसिसमधल्या वाट्या लांब पंच आतून घालून, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला ठोकत काढल्या. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर वाटी तिरकी होऊन नळी ओरबाडते. नव्या वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये, आणि गाडी सकाळपासून उन्हात. खान्देशातला मे महिना म्हणजे फुकटचा हीटर, त्याने किती फरक पडला देव जाणे, पण वाट्या बसल्या मात्र निमूट. ठोकल्या नाहीत, थ्रेडचा लांब रॉड, दोन जाड वॉशर आणि नट, पाना फिरवत ओढून घेतल्या. त्यानंतर एकदा हलकं ठोकून आवाज ऐकला, वाटी टेकली नसेल तर भद्द वाजते, टेकली की टणक. टीवरची खालची वाटी छिन्नीने निघाली आणि नवी लोखंडी पाइपच्या तुकड्याने बसली.

ग्रीस लिथियमचं, पाण्यात टिकणारं, सढळ हाताने. छर्रे त्यातच चिकटून राहतात, चिमट्याची गरज पडत नाही.

आवळायचं मात्र सगळ्यात नाजूक. पहिल्यांदा नट जरा जोरातच आवळून हँडलची टी पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवली म्हणजे वाट्या-छर्रे आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला केला. मग परत हाताने, फक्त ढिल्लेपणा जाईल इतकाच. पण इथे फसगत अशी की वरची प्लेट टाकून तिचा मोठा नट आवळला की खालचं सेटिंग आपोआप थोडं घट्ट होतं. आम्हाला तीनदा करावं लागलं. शेवटी चाक हवेत ठेवून हँडल मध्यापासून जरासं सोडलं की ते आपल्याच वजनाने मऊपणे टोकाला जाऊन टेकलं, दोन्हीकडे सारखं, मधे कुठे थांबलं नाही, आणि बुडाशी ओढल्यावर बोटाला हालचाल नाही. काही जपानी मॅन्युअलमध्ये यासाठी स्प्रिंगचा काटा हँडलच्या टोकाला लावून २०० ते ५०० ग्रॅमला फिरलं पाहिजे असं देतात. नाना म्हणाले काटा कापसाला ठेव.

चाक लावून एक्सल आवळल्यावर ब्रेकचा लिव्हर पंप करून पॅड टेकवले, आणि खालचे क्लॅम्प आवळण्याच्या आधी गाडी खाली घेऊन ब्रेक धरून चार-पाच वेळा पुढे दाबली. दोन्ही शॉकअप आपसात सरळ होतात, नाहीतर तिरके अडकून नव्या सीललाच घासतात. मगच गाडी गल्लीत नेली.

निकाल

दाजी पहिली चक्कर मारून आले आणि म्हणाले गाडी डुलते. मी घाबरलो. नंतर कळलं की इतके दिवस ती खाचेत अडकून चालायची आणि ते जोर लावून हँडल धरायचे, आता जोर लागत नव्हता पण हाताला सवय तीच. दोन दिवसांत बसलं.

३०० किलोमीटरला परत तपासायचं ठरलं होतं, कारण नव्या वाट्या थोड्या बसतातच. दाजी आले ९०० ला. बोटाला अगदी बारीक हालचाल लागली, नट अंदाजे पाव आट्याच्या निम्म्याने घेतला. त्यानंतर पाच महिने, सहा हजारांच्या वर किलोमीटर, पाइप कोरडे, हँडल मध्यावर गुळगुळीत.

खर्च दोन्ही वेळचा मिळून अडीच हजाराच्या आत, त्यातला जास्तीत जास्त पाइपच्या जोडीचा. आखाजीचे सील आणि तेल मात्र पाण्यात गेलं.

परत करायचं झालं तर

सी पाना आणि कापूस आधी, बाकी पाने नंतर. आखाजीला नानांची ती दहा मिनिटांची तपासणी मी केली असती तर सील उघडायच्या आधीच कळलं असतं की कोनसेट गेलाय आणि पाइप पण जायच्या वाटेवर आहे, आणि मग दाजींना समजावायला माझ्या हातात काहीतरी दाखवण्यासारखं असतं. नुसतं "हँडल बरोबर नाही" म्हटलं तर जावई ऐकत नाही, धागे अडकलेला पाइप बघितला की ऐकतो.

त्या चौकातल्या मेकॅनिकला मी फार दोष देत नाही. त्याला पन्नास रुपयात आवाज बंद करायला सांगितला होता, त्याने केला. पण आवळण्याआधी हँडल एकदा बोटाने फिरवून बघितलं असतं तर ढिल्ला कोनसेट आणि खाच पडलेला कोनसेट यातला फरक तिथेच दिसला असता. नुसता ढिल्ला असेल तर आवळणं हाच इलाज आहे, खाच असेल तर नाही.

एका बाबतीत आमचं अजून ठरलेलं नाही. दाजींना पाइपवर रबरी गेटर चढवायचेत, धूळ आणि खत लागू नये म्हणून. नानांचं म्हणणं, आत पाणी शिरलं की ते तिथेच राहतं, गंज झाकून वाढतो आणि दिसत पण नाही. मला दोन्ही पटतं. सध्या एका जुन्या ट्यूबचा पट्टा मडगार्डला मागून बांधून ठेवलाय. कापसाच्या वेचणीनंतर दाजींचं काम थोडं सैल पडलं की धुळीचं रबर उचलून आत बघू, मग गेटरचं बोलू.